भूतानच्या दारातून गाडी कोणी नेली

आमची गाडी भूतानच्या दारातून आत गेली, तेव्हा मी गाडीत नव्हतो. हातात तिखट पुऱ्यांची पिशवी घेऊन मी पायी जाणाऱ्यांच्या रांगेत उभा होतो. गाडीत माझी बायको एकटी होती आणि स्टिअरिंग तिच्या हातात होतं.

परवापर्यंत ही गोष्ट आम्हा दोघांशिवाय यवतमाळात कुणाला माहीत नव्हती. यवतमाळला माहीत होतं ते वेगळंच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थाने आपली छोटी पांढरी गाडी नेपाळ आणि भूतान अशा दोन देशांत स्वतः चालवत नेली आणि सुखरूप परत आणली, असं लोक सांगत. त्याबद्दल ज्येष्ठांच्या मंडळाने मला शाल पांघरली, नारळ दिला. राळेगाव, मारेगाव, थेट फुलसावंगीपर्यंत मला भाषणाला बोलावणी आली. कॉलनीतली पोरं मला ‘भूतानवाले काका’ म्हणू लागली, आणि मी त्या नावाला ओ देऊ लागलो.

प्रवास खरा होता. त्याचा मला अभिमान होता आणि आजही आहे. फक्त तो अभिमान कुणाचा वाटायला हवा होता, हे मी इतकी वर्षं सांगितलं नाही. ते आता लिहून ठेवतो.

सुरुवात माझ्या तोंडानेच झाली. सकाळी फिरायला जाणारा आमचा एक कंपू आहे. फिरणं थोडं आणि बाकावर बसणं जास्त. त्यातला एक जण थायलंडची सहल करून आला होता आणि महिनाभर दुसरं काही बोलत नव्हता. एक दिवस मला राहवलं नाही.

“मी जाईन तं गाडीनं जाईन,” मी म्हणालो.

“कुठी?”

“परदेशात.”

“कोणाच्या गाडीनं?”

“माह्या.”

बाकावरचे सगळे हसले. “आधी गाडी पोर्चमधून सरळ काढून दाखव बापा,” एक जण म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. नोकरीत आयुष्यभर मी खात्याच्या जीपमध्ये डावीकडे बसलो, कालवे पाहत फिरलो. गाडी चालवायला शिकलो ते निवृत्तीनंतर. पोर्चमधून गाडी काढताना फाटकाला घासल्याची खूण मागच्या दाराला अजून आहे.

बायकोची गोष्ट वेगळी. तिचं माहेर राळेगाव तालुक्यातलं. घरी कापूस, तूर, पुढे सोयाबीन. भाऊ धाकटा, त्यामुळे लग्नाआधी पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरवर तीच असायची. सासरे मला एकदा कौतुकाने सांगत होते की, कापसाची भरलेली ट्रॉली नाल्याच्या उतारावरून उतरवावी तर आमच्या पोरीनं. लग्न झालं, ती यवतमाळला आली आणि तिच्या हातून ट्रॅक्टर सुटला तो सुटला. आमच्या घरात चालवायला होती एक सायकल, तीही माझी.

मुलगी नागपूरला नांदायला गेली आणि तिच्या बाळंतपणात बायको तिकडे राहिली. परत आली ती लायसन्स घेऊन. “पोरीनं ऐकलंच नाही, क्लासमधी नेऊन बसवलं,” एवढंच म्हणाली. मी हसलो होतो. गाडी आम्ही त्यानंतर घेतली.

पहिल्याच वर्षी आमच्यात एक रीत पडली. तिच्या माहेरी जायला कळंबवरून जावं लागतं. कळंब मागे पडलं की रस्त्याच्या कडेला एक मोठा कडुनिंब लागतो. तिथवर मी चालवायचो. तिथे गाडी थांबवायची, दोघांनी उतरायचं, मी डावीकडे आणि ती उजवीकडे. पुढचा सगळा रस्ता ती चालवायची, आणि खरं सांगायचं तर तेवढ्या वेळात मी निवांत झोपायचो. मग तिच्या गावाचा नाल्यावरचा पूल आला की पुन्हा गाडी थांबायची आणि पुन्हा जागा बदलायच्या. कारण जावई डाव्या सीटवर बसून आला, हे सासुरवाडीला दिसायला नको. परत येताना हेच उलटं. आमच्याकडे असं करणारी मी आणखीही जोडपी पाहिली आहेत. गावाच्या शिवेवर गाडी थांबलेली दिसली आणि दोन्ही दारं एकदम उघडली की मला समजतं.

ही रीत तिने काढली नव्हती. मी काढली होती. तिने कधी वाद घातला नाही. फक्त पुलाजवळ उतरताना म्हणायची, “चला, जवाई, पुढं बसा.”

तर बाकावर बोललो ते बोललो आणि मग मागे फिरता येईना. कागदपत्रं जमवली. गाडीची तपासणी करून घेतली. तिने तिखट पुऱ्या, जवसाची चटणी, मेतकूट, लाडू असं सामान बांधलं. निघायच्या सकाळी कॉलनीतल्या बायका आल्या, गाडीच्या बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. कंपूतले सगळे हजर होते. मी गाडी पोर्चमधून एका दमात बाहेर काढली आणि लिंबं फुटली, तेव्हा टाळ्या झाल्या.

नागपूर, जबलपूर, मग उत्तर प्रदेश. तो सगळा रस्ता आम्ही वाटून घेतला. मोठ्या रस्त्यावर ती, शहर आलं की मी. सोनौलीची सीमा मी ओलांडली. ते खोटं नाही. दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा, मध्ये कमान, कमानीपलीकडे नेपाळ. तिथल्या कार्यालयात गाडीचे कागद दाखवले, परवाना घेतला आणि पुढे निघालो. मी बायकोला म्हणालो, “आली का नाही परदेशात गाडी?” ती खिडकीतून बाहेर पाहून म्हणाली, “ऊस तं आपल्यासारखाच दिसून राह्यला.”

खरी परीक्षा बुटवलच्या पुढे होती. तिथून पोखऱ्याकडे जाणारा रस्ता डोंगराच्या अंगाला चिकटून चढत जातो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. खूप खाली नदी. आमच्या भागात टेकड्या आहेत, घाटही आहेत, पण खाली पाहिलं की शेत दिसतं. इथे खाली पाहिलं की काही दिसेपर्यंत वेळ लागत होता. दोन-तीन वळणं मी कशीबशी काढली. मग समोरून बस आली. मी गाडी कडेला घेतली आणि थांबलो, आणि मला पुन्हा निघताच येईना. पाय लटलटत होते. क्लच सोडला की गाडी बंद पडायची, ब्रेक सोडला की गाडी मागे सरकायची. मागे एक ट्रक होता. त्याने हॉर्न दिला. त्याच्या मागच्यानेही दिला.

बायकोने हात लांबवून हँडब्रेक ओढला. गाडी जागच्या जागी थांबली.

“उतरा,” ती म्हणाली.

“इथं?”

“नाही तं काय काठमांडूत उतरता?”

मी उतरलो. ट्रकवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहत होता. मी गाडीला वळसा घालून डावीकडे आलो, तोवर ती आतल्या आतच पदर सावरत उजव्या सीटवर सरकली होती. तिने सीट पुढे घेतली, आरसा आपल्या उंचीचा केला, पदर खोचला. मग गाडी चालू केली, थोडा आवाज वाढवला, हँडब्रेक सोडला आणि गाडी अशी निघाली की जणू ती कधी अडलीच नव्हती. मागच्या ट्रकवाल्याने पुन्हा हॉर्न दिला, या वेळी छोटासा. ती म्हणाली, “हा चांगला वाजवला त्यानं.”

मी वाट पाहत होतो की ती मला काही बोलेल. ती बोलली ती गाडीबद्दल. “ट्रॅक्टरले मागं ट्रॉली असते. ही तं बकरीसारखी हलकी आहे,” ती म्हणाली.

त्यानंतर पूर्ण नेपाळ तिने चालवलं. पोखरा, काठमांडू, मग खाली तराईच्या मैदानात उतरून पूर्वेकडे, भारताच्या सीमेवरच्या काकडभिट्ट्यापर्यंत. काठमांडूहून उतरताना उतार संपतच नव्हता. मी सवयीने म्हणालो, “न्यूट्रल कर, पेट्रोल वाचते.” आमच्या मैदानी भागात सगळे हेच करतात. उतार आला की गेर काढायचा आणि गाडी आपोआप जाऊ द्यायची.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. “बाबा म्हणत, भरली ट्रॉली उतरवायची तं गेर टाकून उतरवायची. ब्रेकच्या भरवशावर नाही. ब्रेक तापला की तो तुमचा राहत नाही.” आणि ती दुसऱ्या गेरमध्ये गुरगुरत खाली आली. पुढच्या एका वळणावर आमच्यासारखीच एक गाडी कडेला उभी होती. तिच्या चाकांतून धूर निघत होता आणि मालक बाटलीने पाणी ओतत होता. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

एका चहाच्या टपरीवर मालकीणबाईंनी गाडीचा नंबर वाचून विचारलं, कुठून आलात? बायकोने सांगितलं. त्या बाईंनी नवऱ्याला बाहेर बोलावलं, शेजारणीला बोलावलं. सगळे गाडीभोवती जमले. “दिदी आफैं चलाउनुहुन्छ?” त्यांनी विचारलं. तुम्ही स्वतः चालवता? बायको लाजली, पण मान हलवून हो म्हणाली. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. चहाचा ग्लास घेऊन मी बाजूला उभा होतो, आणि माझी छाती फुगली होती. ती लाज नव्हती, हे मला तिथे स्पष्ट समजत होतं. लाज वाटायची जागा पुढे यवतमाळात आली.

सिलिगुडीवरून आम्ही जयगावला पोचलो. रस्त्याच्या अलीकडे भारत, पलीकडे भूतान आणि मध्ये रंगवलेली, नक्षीची कमान. अलीकडे रिक्षा, भाज्यांच्या गाड्या, हॉर्न. पलीकडे एकदम शांतता, जणू कुणी रेडिओ बंद केला आहे. कागद झाले. मग तिथल्या माणसाने सांगितलं की गाडीसोबत फक्त चालक जाईल. बाकीच्यांनी उतरून पायी जाणाऱ्यांच्या दाराने यायचं.

“चालक कोण?” त्याने हिंदीत विचारलं.

मी तोंड उघडलं. माझं लायसन्स खिशात होतं. कमानीखालचा तो रस्ता सपाट होता. तेवढं अंतर मलाही जमलं असतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. आम्ही जणू कळंबच्या कडुनिंबाखालीच उभे होतो.

“ही,” मी म्हणालो.

आयुष्यात मी जी थोडी बरी कामं केली, त्यात हा एक शब्द धरतो. ती गाडीत बसली. मी पुऱ्यांची पिशवी उचलली आणि रांगेत गेलो. रांग वळणावळणाची होती आणि कठड्यावरून रस्ता दिसत होता. आमची पांढरी गाडी हळूहळू कमानीपाशी आली. नंबरप्लेटवर एमएच एकोणतीस, बोनेटवर पुसट झालेलं स्वस्तिक. पोलिसाने हात दाखवला. तिने गाडी थांबवली, काच खाली केली, काहीतरी बोलली. पोलीस हसला आणि त्याने हाताने पुढे जायला सांगितलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत, राळेगाव तालुक्यातल्या शेतात ट्रॅक्टर शिकलेली एक बाई यवतमाळची गाडी घेऊन एकटी दुसऱ्या देशात शिरली.

मी पलीकडे पोचलो, तेव्हा ती गाडीला टेकून उभी होती.

“या,” ती म्हणाली. “विसा आहे का तुमच्यापाशी?”

भूतानमध्ये नियमाप्रमाणे आम्ही तिथला एक वाटाड्या सोबत घेतला होता. त्याला रस्ता दाखवायला पुढे बसावं लागे. म्हणजे संपूर्ण भूतान मी मागच्या सीटवर, बॅगा आणि लाडवाच्या डब्यासोबत पाहिला. तिथे हॉर्न वाजवत नाहीत, हे तिला पहिल्याच दिवशी आवडलं. रस्ता ओलांडायला माणूस उभा असला की गाड्या थांबतात. ती कुत्र्यासाठीही थांबायची. दोचुल्याच्या खिंडीत धुकं इतकं होतं की समोरची गाडी दिसत नव्हती, फक्त रस्त्याच्या कडेच्या पताका फडफडताना दिसत होत्या. वाटाड्या म्हणाला, “मॅडम, थांबू या?” ती म्हणाली, “थांबलो तं मागचा येऊन आपटन. हळूहळू जाऊ.” आणि हळूहळू गेलो. पलीकडे धुकं विरलं आणि एकदम बर्फाचे डोंगर दिसले. तिने गाडी नीट कडेला लावली, हँडब्रेक ओढला आणि मग वर पाहिलं. तोवर नाही. मी डोंगर सोडून तिच्याकडेच पाहत राहिलो.

असे आम्ही परत आलो. वर्धा मागे पडलं, देवळी गेलं. कळंबच्या अलीकडेच कडुनिंब दिसला. मी काही म्हणायच्या आत तिने गाडी थांबवली, उतरली, या बाजूला आली आणि माझं दार उघडलं.

“बसा आता तुमी,” ती म्हणाली. “कॉलनीत सारे वाट पाहून राह्यले असतील.”

मी नाही म्हणू शकलो असतो. मी उजव्या सीटवर जाऊन बसलो.

कॉलनीच्या तोंडाशी फलक लावला होता. हार होते, पेढे होते. बाकावरचे सगळे पुढे होते. “बापा, खरंच गेला ना रे तू!” ज्याने पोर्चची थट्टा केली होती, त्याने मला मिठी मारली. मी स्टिअरिंगवर होतो. कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही.

मग सत्कार. अध्यक्षांनी मला ‘आपल्या जिल्ह्याचा सारथी’ म्हटलं. मी बोलायला उभा राहिलो, आणि माझ्या तोंडून बुटवलचा घाट निघाला, समोरून आलेली बस निघाली, हँडब्रेक निघाला, दोचुल्याचं धुकं निघालं. सगळं खरं होतं, फक्त ‘ती’च्या जागी ‘मी’ होतो. भूतानच्या कमानीतून गाडी नेली, तीही मीच. ती पहिल्या रांगेत बसली होती. माझी शाल तिच्या मांडीवर होती. ती हसत होती. मला वाटलं, तिला चाललं.

पण खरं वाईट मी त्यानंतर केलं. आधी गाडीची चाबी दाराच्या मागच्या खिळ्यावर असायची, कोणीही घ्यावी. आता ती माझ्या सदऱ्याच्या खिशात राहू लागली. कारण एवढं मोठं भाषण ठोकल्यावर, बायको गाडी चालवताना दिसली तर लोक दोन अधिक दोन चार करतील, असं मला वाटे. कळंबच्या कडुनिंबापाशी गाडी थांबेनाशी झाली. ती पहिल्यांदा म्हणाली, “थांबता का?” मी म्हणालो, “मागं गाडी आहे.” मागे गाडी नव्हती. दुसऱ्यांदा तिने विचारलं नाही. ज्या बाईने हिमालयात गाडी चालवली, तिला मी यवतमाळ ते राळेगावच्या सपाट रस्त्यावर डावीकडे बसवून ठेवलं. आणि हे वर्षानुवर्षं.

परवा मंडळाच्या सभेला मारेगावहून एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या मिसेस आल्या होत्या. पुढच्या आठवड्यात ते दोघं आपल्या गाडीने नेपाळला निघणार होते. माझं भाषण त्यांनी दोनदा ऐकलं होतं. अध्यक्षांनी मला त्यांच्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, विचारा काय विचारायचं ते.

मास्तर म्हणाले, “काका, तुमी उतारावर न्यूट्रल करायचं सांगतलं होतं ना मागच्या खेपेला? मी रोज सराव करून राह्यलो. आमच्या इथल्या उतारावर गाडी मस्त जाते. इंजिन बी बंद करून पाह्यलं.”

मी तसं सांगितलं होतं. मारेगावच्या भाषणात, पेट्रोल वाचवायच्या युक्त्या म्हणून, हसत हसत. काठमांडूच्या उतारावर ती दुसऱ्या गेरमध्ये उतरत असताना मी डावीकडे बसून जे म्हणालो होतो आणि तिने ऐकलं नव्हतं, ते मी चालवणारा म्हणून लोकांना शिकवलं होतं.

बायको दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिने मान वळवली. मला चाकांतून निघणारा तो धूर दिसला.

मी उभा राहिलो. “मास्तर, तसं करू नका,” मी म्हणालो. “मले माहीत नाही ते. बुटवलपासून पुढं मी गाडी चालवलीच नाही.”

अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे?”

“म्हणजे हिनं चालवली. बुटवलच्या घाटात माझे पाय कापत होते. सारं नेपाळ हिनं चालवलं, भूतान हिनं चालवलं. भूतानच्या दारातून गाडी एकटी हिनं आत नेली, मी पायी गेलतो. मी तुमाले इतके दिवस हिचंच सांगत होतो, फक्त हिचं नाव न घेता.”

मागून कोणीतरी हसलं. मग अध्यक्षांनी विचारलं, “मंग शाल कोणाची?”

“राहू द्या शाल,” बायको म्हणाली. “उन्हाळ्याचे दिवस आहेत.” आणि सगळेच हसले. बाकावरचा तो गृहस्थ मोठ्याने म्हणाला, “मले पह्यलेच शंका होती! याच्याच्यानं पोर्चमधून निघत नाही.” मला वाईट वाटलं नाही. मी त्याच्यासोबत हसलो.

ती उठून मास्तरांच्या मिसेसजवळ जाऊन बसली. “तुमाले येते का चालवता?”

“थोडी थोडी. हे देत नाहीत.”

“मंग घ्या मागून,” ती म्हणाली, आणि टेबलावरच बोटाने घाट काढून दाखवू लागली. चढाला हा गेर, उताराला हा, ब्रेक मध्ये मध्ये, सतत नाही. ट्रॉलीची गोष्टही आली. मास्तर वाकून ऐकत होते. मी दूर उभा राहून पाहत होतो. त्या दिवशी सभेला दुसरं काही कामकाज झालं नाही.

घरी येताना ती रागावलेली होती. “चारचौघात कायले सांगतलं? सारे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते.”

“टाळ्या वाजवल्या ना तुझ्यासाठी.”

“टाळ्यायचं मी काय लोणचं घालू?” ती म्हणाली. घरात आली, दारामागच्या रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं. “ते तिथं लावा.”

मी खिशातून चाबी काढली आणि खिळ्यावर लावली.

काल सकाळी ती म्हणाली, “माहेरी जाऊन येऊ.” चाबी तिने घेतली. कॉलनीतून गाडी तिनेच काढली, एकदाही फाटकाला न घासता. बाकावरच्यांनी हात केले. कळंब गेलं, कडुनिंब आला. झाडाखाली दुसरी कोणाची तरी गाडी उभी होती, दोन्ही दारं उघडी. बायको त्यांच्याकडे पाहून हसली आणि पुढे निघाली.

नाल्यावरचा पूल आला तसा माझा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेला. तिने गाडी हळू केली, मग गेर बदलला. पुलापलीकडे तिचा धाकटा भाऊ कुंपणाशी उभा होता. आता तोही म्हातारा झाला आहे. गाडी अंगणात येईपर्यंत तो पाहत राहिला. मी पुऱ्यांची पिशवी घेऊन डाव्या दाराने उतरलो.

“जवाई,” तो म्हणाला, “हात दुखते का काही?”

“नाही, हात चांगले आहेत,” मी म्हणालो.

तो बहिणीकडे वळला. “बाई, गाडी शिकली तू?”

“तुले ट्रॅक्टर कोणं शिकवला होता रे?” ती म्हणाली. “हो बाजूले, सावलीत लावू दे मले.”

आणि तिने गाडी मागे घेतली, एका दमात, सरळ चिंचेच्या सावलीत. मी आणि तिचा भाऊ बाजूला होऊन पाहत उभे राहिलो.